रानतळ्याची शांतता कोणी घडवली?

ताडोबाच्या तळ्याकाठी निःशब्द रात्री ढोल आणि शिंगांचा अंधुक आवाज ऐकू येतो, तो तळ्याला फेरी घालत फिरतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात चांदा जिल्ह्यातील खेडुतांमध्ये प्रचलित होती. इंग्रज अमदानीतील गॅझेटियरांनी ती नोंदवून ठेवली आहे. आज त्याच तळ्याकाठी माणसे जातात ती नेमकी उलट अपेक्षा बाळगून: तेथे काहीही ऐकू येऊ नये. वाहनाचा आवाज नको, माणसांची कुजबुज नको. पाणी, पलीकडचे झाड, जमल्यास काठावरची एखादी मगर, आणि आपण.

या दोन अपेक्षांमध्ये दीडएकशे वर्षांचे अंतर आहे. ते कसे पडले, हा या धाग्याचा विषय आहे. धागा लांबेल, सवडीने वाचावा.

प्रदेश निश्चित करून घेऊ. आजचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे, म्हणजे जुनी झाडीपट्टी. येथे रान आणि तळे यांची जोडी इतकी जुनी आहे की एकाशिवाय दुसऱ्याचा विचारच होत नाही. नागझिरा, नवेगावबांध, ताडोबा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु झाडीत वळणावळणाला एखादे बिननावाचे तळे भेटते. पर्यटक त्या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतो: 'निसर्ग'. माझे म्हणणे असे, की यांतील बहुतेक तळी माणसांनी बांधलेली आहेत, आणि त्यांच्याभोवतीची शांतताही तितकीच बांधलेली आहे. तळी कोणी बांधली हे निदान थोड्या लोकांना माहीत असते. शांतता कोणी बांधली, हे सहसा विचारले जात नाही.

प्रथम ताडोबा, कारण ते अपवाद आहे. हे तळे निसर्गनिर्मित मानले जाते, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या जन्माची कथा लोकांना रचावी लागली. कथा अशी: एक वऱ्हाड डोंगरांतून चालले होते. उन्हाने सर्वांचे घसे कोरडे पडले, पाणी कोठे मिळेना. तेवढ्यात एक विलक्षण म्हातारा प्रकटला आणि त्याने नवरानवरीला एका जागी खणावयास सांगितले. दोघांनी खणले, स्वच्छ झरा उफाळून आला, सर्वजण पोटभर प्याले. परंतु पाणी थांबेना. ते पसरत गेले आणि वरवधूसह सारे वऱ्हाड त्यात बुडाले. बुडालेल्यांसाठी तळाशी अदृश्य हातांनी एक मंदिर उभे राहिले. रात्रीचे ढोल आणि शिंगे ती याच वऱ्हाडाची. एका अवर्षणाच्या वर्षी पाणी फार खाली गेले तेव्हा मंदिराचे सोनेरी कळस चमकताना दिसले होते, असेही म्हातारी माणसे सांगत.

पुढे तळ्याकाठी एक ताडाचे झाड उगवले. ते दिवसा वर येई आणि तिन्हीसांजेला जमिनीत जाई. एक अविचारी यात्रेकरू पहाटे त्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. झाड त्याला घेऊन आकाशात गेले आणि सूर्याच्या ज्वाळांत तो जळून गेला. झाडाची राख झाली व त्या जागी तळ्याच्या देवतेची मूर्ती प्रकट झाली. तिचे नाव तारोबा.

कथेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यानंतर येतो. यात्रेकरूंनी हाक दिली की लागतील ती भांडी तळ्यातून वर येत. स्वयंपाक व्हावा, जेवणे व्हावीत, भांडी घासून पुन्हा पाण्यात सोडावीत. एकदा एका लबाडाने ती घरी नेली. ती घरातून नाहीशी झाली आणि त्या दिवसापासून तळ्याने भांडी देणे बंद केले.

भांडी देणाऱ्या तळ्यांच्या कथा महाराष्ट्रात इतरत्रही सापडतात; हिचे वेगळेपण सांगण्याचा माझा हेतू नाही. लोककथेतून घटना शोधू नयेत हा आमच्या अभ्यासशाखेतील प्राथमिक धडा आहे. पण कथेने गृहीत धरलेला व्यवहार अवश्य पाहावा. येथे गृहीत काय आहे? तळ्याकाठी माणसे घोळक्याने येत. चुली मांडत, रांधत, जेवत, मुक्काम करत. त्यासाठी पुष्कळ भांडी लागत आणि ती सामायिक असत. सामायिक वस्तू परत करण्याचा नियम होता व तो मोडल्यास सर्वांचेच नुकसान होई. म्हणजे रानातील तळ्यावर जाणे ही करमणूक, यात्रा आणि पंगत अशी एकत्र गोष्ट होती. गॅझेटियरही सांगते की डिसेंबर-जानेवारीत येथे भाविकांची विशेष वर्दळ असे. पौषातील ती जत्रा. गोंड परंपरेत या देवतेची आणखी एक ओळख आहे: तारू हा गावाचा मुखिया, वाघाशी झुंजताना पडला आणि तळ्याकाठच्या झाडाखाली देव झाला. दोन्ही कथांत तळ्याची ओळख कोणा तरी मृताशी जोडलेली आहे. रिकामे, निर्मनुष्य तळे ही कल्पनाच तेथे नाही.

आता बांधलेल्या तळ्यांकडे येऊ. झाडीतील तलावांचे कर्ते म्हणून कोहळी समाजाचे नाव प्रथम घ्यावे लागते. चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांना काशीच्या बाजूने आणले, अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथातही तिचा उल्लेख आढळतो. स्थलांतराच्या परंपरा जशाच्या तशा स्वीकारणे धोक्याचे असते. पण कोहळ्यांचे पाण्यावरचे प्रभुत्व हा परंपरेचा भाग नसून डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. ऊस आणि धान ही त्यांची मुख्य पिके. दोन्ही पाण्यावाचून उभी राहत नाहीत.

गोंड राजांचा एक नियम या संदर्भात नेहमी सांगितला जातो: जो रान मोडून गाव वसवील त्याला त्या गावाचे मुखियापण, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. या नियमातील शहाणपण ध्यानात घ्यावे. बक्षीस पाण्याच्या प्रमाणात होते. तलाव फुटला तर बक्षीसही वाहून गेले. त्यामुळे बांधणाऱ्याच्या पुढील पिढ्यांना पाळ, सांडवा आणि पाट यांची काळजी घ्यावीच लागे. दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करण्याची गरज नव्हती.

नवेगावबांधचा तलाव या परंपरेचा मुकुटमणी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानतात. भोवतालच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. पाटलाला तलाव बांधण्यास या बहिणींनी साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील स्वतः पुढे कोलासूर या नावाने देव झाले आणि तलावाकाठी त्यांचे ठाणे आहे. भाविकतेचा भाग बाजूला ठेवला तरी सातबहिणींची कथा स्थापत्याचे वर्णन म्हणून वाचता येते. कोहळ्यांचे कौशल्य मोठी भिंत उभारण्यात नव्हते, तर कमी भिंतीत जास्त पाणी अडवण्यात होते. टेकड्यांनी बहुतेक काम आधीच केलेले असते. माणसाने फक्त त्यांच्यामधील फटी बुजवायच्या. टेकड्या मदत करतात, हे अक्षरशः खरे आहे. गॅझेटियरांच्या काळात या तलावाचा घेर सुमारे १७ मैल सांगितला जाई, आणि तो अडवणारे बांध मात्र त्या मानाने अगदी लहान.

या तलावांच्या वरच्या अंगाला रान का टिकले, याचे उत्तरही येथेच आहे. पाणी त्या रानातून उतरून येते. ते तोडले तर गाळ येतो, आणि गाळ आला की तलावाचे पोट भरते. मोठ्या तलावाच्या आगेमागे लहान बोड्यांची साखळी असे. एकीचे जादा पाणी दुसरीत, तिचे तिसरीत, आणि शेवटी धानाच्या बांध्यांत. उथळ काठावर देवधान उगवे, मध्ये कमळ, कोठे शिंगाडा. ढिवर मासे धरत, गुरे पाण्यावर येत, बायका धुणे आणत. आज ज्या दृश्यासमोर दुर्बीण घेऊन आपण स्तब्ध बसतो, ते दृश्य या कामांमुळे तसे राहिले होते.

येथे एक आडवळण घेतो. रानात एकट्याने निवांत बसण्याची ओढ ही इंग्रजी शिक्षणाने आणलेली नवलाई आहे, असे काही जण ठासून सांगतात. मला ते पटत नाही. महानुभाव साहित्यात झाडीमंडळाचा उल्लेख येतो; श्रीचक्रधरांचे एक प्रमुख शिष्य नीळभट्ट हे भांडारेकर, म्हणजे भंडाऱ्याचेच. या पंथाच्या आचारात 'विजन' ही संज्ञा आहे: माणसांपासून दूर, एकांतात बसणे. देशाच्या कडेला, झाडाखाली आयुष्य घालवावे, असा उपदेश तेथे अनुयायांना केलेला आहे. म्हणजे मराठीत एकांताला तेराव्या शतकापासून स्वतःचा शब्द आहे. फरक एवढाच की विजनाला जाणारा स्वतः लोकांतून उठून जाई. लोकांनी तेथून उठावे, असे तो म्हणत नसे. धाग्याच्या उत्तरार्धात हा फरक उपयोगी पडेल.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर नागपूर कंपनी सरकारकडे. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा वसूल गोळा करणाऱ्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क देण्यात आले. गाव मालगुजाराचे, तसा तलावही मालगुजाराचा. पण ही मालकी निरंकुश नव्हती. गावोगावी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचे दप्तर तयार झाले. पाणी कोणी कसे घ्यावे, मासे कोणी धरावेत, गुरे कोठून न्यावीत, निस्तारासाठी लाकूड कोठून आणावे, याची रूढी त्यात लिहिली गेली. अभिलेखागारात बसणाऱ्या विद्यार्थ्याला विचाराल तर ही कागदपत्रे राजांच्या सनदांइतकीच वाचनीय असतात. एका तलावावर किती प्रकारच्या माणसांचा किती प्रकारचा अधिकार असू शकतो, हे त्यांतून कळते.

परंतु त्याच दशकांत दुसरी एक रेघ ओढली जात होती. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी रानाचे राखीव भाग वेगळे काढले. राखीव वनात विनापरवाना प्रवेश, चराई, शिकार आणि मासेमारी यांवर निर्बंध आले. ज्या तलावाचे पाणी गावात आणि वरचे रान सरकारात गेले, त्याची व्यवस्था त्या दिवशी दुभंगली. पाळ राखणाऱ्याला पाणलोट राखण्याचा अधिकार उरला नाही.

याच काळात तळ्याकाठी एक नवा पाहुणा दिसू लागला. हिवाळी दौऱ्यावरील साहेबाचा तंबू शक्यतो पाण्याजवळच्या आमराईत पडे. दिवसा जमाबंदीची कामे, सकाळ-संध्याकाळ बदकांची आणि पाणलाव्यांची शिकार. पुढे तंबूंची जागा विश्रामगृहांनी घेतली, आणि तीही बहुधा पाण्याच्या समोर. आजच्या पर्यटक निवासांचा व्हरांडा तळ्याकडे तोंड करून का असतो, याचे मूळ येथे आहे. निवांत बसण्याची ती पहिली आसने बंदूक बाळगणाऱ्यांसाठी मांडली गेली.

आणि याच काळात दुष्काळ आले. १८९६-९७ चा, आणि त्यातून डोके वर काढेपर्यंत १८९९-१९०० चा. मध्य प्रांत या दोन्हींत पोळून निघाला. दुष्काळी कामांवर माणसे लावून रस्ते फोडले गेले, तसेच तलाव खोदले व दुरुस्त केले गेले. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगानंतर सरकारने स्वतः मोठे तलाव बांधण्यास घेतले. घोडाझरी, असोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांतील जलाशय. आज यांतील प्रत्येक नाव 'एका दिवसाची सहल' या मथळ्याखाली आढळते. घोडाझरीच्या भिंतीवरून चालताना मावळतीची छायाचित्रे सर्वजण काढतात, मीही काढली आहेत. मात्र ती भिंत कोणत्या काळजीतून बांधली गेली, हे सांगणारा साधा फलक तेथे असावा असे मला वाटते. अन्नान्न झालेल्या प्रांताला पुन्हा तशी वेळ येऊ नये, ही ती काळजी.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून ती व्यवस्था संपुष्टात आली. हे आवश्यक होते. मालगुजारांच्या जुलमाच्या कथा झाडीत अजून जिवंत आहेत आणि त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल कोणीच मनापासून आपली मानली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, काठावरचे रान वन खात्याकडे, मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे. तलाव एकच, दारे चार. सरकारी कागदांत त्यांना नाव मिळाले 'माजी मालगुजारी तलाव', आणि बोलीत त्याचे झाले 'मामा तलाव'. साडेसहा हजारांहून अधिक तलावांना मामा करून टाकणारी ही आद्याक्षरे कोणाच्या लेखणीतून उतरली कोण जाणे; विनोद मात्र चांगला जमला आहे.

आता शांततेकडे. ताडोबात शिकारीवर १९३५ मध्येच बंदी आली होती. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. दरम्यान १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या २८ व्या कलमाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या प्रयोजनांसाठी देता येईल, याची ती यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाला अधिवासाला बाधा न आणणाऱ्या चित्रपटनिर्मितीची जोड दिली.

ही यादी आणि वाजिब-उल-अर्जची यादी शेजारी ठेवून पाहा. जुन्या दप्तरात पाणी, मासे, गुरे, वाट. नव्या कायद्यात अभ्यास, छायाचित्र, पर्यटन. एका शतकात तलावाकडे येण्याचे मान्य हेतू जवळजवळ पूर्णतः बदलले. पूर्वी हाताने काही करण्यासाठी माणूस पाण्याजवळ जाई. आता डोळ्यांनी पाहण्यासाठी जातो, आणि कायदा त्या पाहण्याला प्रयोजन म्हणून मान्यता देतो. यादीतील शेवटचे कलम, आत राहणाऱ्यांशी व्यवहार, ते राहणारेच बाहेर गेले की आपोआप निकामी होते. ताडोबाच्या गाभ्यातून २००७ पासून पुढे बोटेझरी, जामणी यांसारखी गावे बाहेर वसवली गेली.

या पाहण्याला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली ती लेखकांनी. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' १९७९ साली आले. शिकारीची बंदूक खाली ठेवून केवळ पाहण्यासाठी, टिपणे घेण्यासाठी रानात मुक्काम करणारा माणूस मराठी वाचकाने त्यात पाहिला. मारुती चितमपल्ली तर वन खात्यातच होते. नवेगावबांधचा तलाव, तेथील पक्षी आणि माणसे यांनी त्यांच्या लेखनाचा मोठा भाग व्यापला आहे. माधवराव पाटील डोंगरवार यांच्या निसर्गज्ञानाविषयी त्यांनी वारंवार आणि कृतज्ञतेने लिहिले. हे महत्त्वाचे आहे. चितमपल्लींच्या लेखनात तलाव पाहणारा बाहेरचा आहे, पण तलाव जाणणारा गावचाच आहे. त्यांची पुस्तके वाचून तळ्याकाठी पोहोचलेल्या आमच्यापैकी अनेकांनी पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

अभयारण्यांमुळे काय वाचले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६० च्या दशकात शिकारीच्या परवान्यांनी आणि लाकडाच्या ठेक्यांनी मध्य भारतातील रानांची जी चाळण केली, ती पाहता नागझिऱ्याचे तळे आज जसे आहे तसे संरक्षणाशिवाय उरले नसते. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, तो योग्यच झाला. वाघाला एकांत लागतो, आणि सारसाला घरटे करण्यासाठी निर्वेध दलदल लागते. माझा आक्षेप शांततेवर नाही. कोणता आवाज गोंगाट ठरवायचा, हे कोण ठरवते, एवढाच माझा प्रश्न आहे. जिप्सीचे इंजिन परवान्यासह आत येते. पौषात तारूच्या दर्शनाला येणाऱ्यांना वन खात्याने ठरवलेले दिवस आणि अटी पाळाव्या लागतात. ज्या देवाच्या नावावरून उद्यानाचे नाव पडले, त्याच्या भक्तांना आता पाहुण्यासारखे यावे लागते. येथे मला विजनाची आठवण होते. एकांत हवा असणाऱ्याने स्वतः दूर जावे, हा जुना मार्ग. आपण मात्र एकांताची जागा निश्चित करून इतरांना दूर केले.

उद्यानाच्या हद्दीबाहेरील तलावांची कथा निराळी, आणि माझ्या मते अधिक चिंतेची. त्यांना शांतता नको इतकी मिळाली आहे. गाळ साचून पोट उथळ झाले, काठाने बेशरम माजली, देवधान आणि कमळ मागे हटले. सत्वर वाढणारे बाहेरचे मासे सोडण्याच्या धोरणाने पाणवनस्पतींवर आणि स्थानिक माशांवर ताण आला. वनस्पती गेल्या की त्यांवर जगणारी बदके येत नाहीत. गोंदियातील सारस हा महाराष्ट्रात उरलेला बहुधा शेवटचा मोठा समूह, आणि तो याच तलावांवर व धानाच्या बांध्यांवर अवलंबून आहे. अलीकडच्या वर्षांत भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर समाजाने, त्यातही स्त्रियांनी पुढाकार घेऊन, तलावांतील बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यांसोबत परतणाऱ्या माशांच्या व पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासे व अन्य उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केला, तेव्हा वाजिब-उल-अर्जमधील एक जुनी ओळ नव्या भाषेत परत आली असे म्हणता येईल.

शेवटी, ज्यांना प्रत्यक्ष जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे. व्याघ्र प्रकल्पांतील तळी परवान्याने पाहता येतातच. पण अर्जुनी मोरगाव, साकोली, सिंदेवाही, नागभीड या बाजूंना कोणत्याही गावी उतरून तलाव विचारा. बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाळीवर चढल्यावर लगेच पाण्याकडे पाहू नका; आधी पाळीचा वाक पाहा. ती कोणत्या दोन उंचवट्यांना जोडते, सांडवा कोणत्या टोकाला आहे, पाट कोणत्या बांध्यांकडे उतरतो, हे दिसू लागले की बांधणाऱ्याने ही जागा कशी हेरली असेल याचा अंदाज येतो. पाळीच्या एखाद्या टोकाला शेंदूर लावलेला दगड असतो. त्याचे नाव गावात विचारावे. ते नाव कधी देवाचे निघते, तर कधी तलाव बांधणाऱ्याचे. कोणी जाळे आवरत असेल तर आज काय सापडले, हेही विचारावे. ढिवरांना आपल्या तळ्यातील माशांविषयी बोलायला आवडते, आणि ती नावे अजून कोणत्याही पुस्तकात पुरती आलेली नाहीत.